पाण्यातनं काढलेलं कापड

गारगोटीत आमच्या लहानपणी नवा कपडा दुकानातून आणला आणि तसाच अंगात घातला, असं होत नसे. दिवाळीचा फ्रॉक असो नाहीतर भावाची शाळेची खाकी चड्डी, आज्जी तो आधी नाकाशी न्यायची, दोन बोटांत चुरगाळून बघायची आणि बादलीत बुडवायची. "पाण्यातनं काढायचं, वाळवायचं, मग घालायचं," हे तिचं ठरलेलं. आम्ही हट्ट धरला तर म्हणायची, "कोरं कापड अंगाला चावतंय गं पोरी." शेजारीपाजारीही हीच रीत होती. भावाच्या चड्डीचं कापड तर शिंप्याकडे जाण्याआधीच एक रात्र पाण्यात पडलेलं असायचं, कारण सुती कापड पहिल्या पाण्यात आवळतं आणि आवळलेली चड्डी वर्षभर चालवायची कशी?

आता त्याच घरात पार्सल येतं. पुतणी दारातच पिशवी फाडते, टी-शर्ट अंगात घालते आणि आरशापुढे उभी राहते. पिशवीतून एक उग्र, किंचित रॉकेलसारखा वास येतो. तिच्या लेखी तो नवेपणाचा वास. त्या वासात काय काय असतं, ते मी गेल्या काही वर्षांत वाचत, विचारत गेले आणि आज्जीची बादली किती शहाणपणाची होती हे मला नव्याने कळलं.

तेव्हाचं कापड आमच्या ओळखीचं असायचं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये उभी केलेली शाहू मिल चालू होती. ती २००३ मध्ये बंद पडली, तोवर तिच्या भोंग्यावर त्या भागातली माणसं घड्याळ लावायची. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सगळं गावच मागांच्या खडखडाटात जगायला लागलं. आमच्या भुदरगड तालुक्यातलीही कितीतरी मुलं तिथे मागावर कामाला गेली. सुट्टीला आली की सांगायची: सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात, सायझिंगमध्ये मोठाल्या कढया असतात, कोरं कापड कडक लागतं ते त्या खळीमुळे. आज्जी बादलीत कापड बुडवायची तेव्हा पाणी गढूळ व्हायचं ते बरंचसं त्या खळीनेच. पिठाचा तो लगदा. कुणाचं काही बिघडत नसे.

दुकानदार ताग्यावरून कापड मोजून फाडायचा, काठावर मिलचा शिक्का असायचा. शिंपीकाका माप घ्यायचे, 'वाढतं अंग' धरून शिवायचे आणि दुमडीत बोटभर कापड राखून ठेवायचे. कापड कुठून आलं, कुणी शिवलं, कुणाच्या हातून घरात आलं, हे सगळं माहीत असायचं. रंग गेला तर दुकानदाराला जाऊन तोंडावर सांगता यायचं आणि तोही ऐकून घ्यायचा, कारण आठवड्याच्या बाजारात त्याला पुन्हा आमच्याच समोर बसायचं असे.

बाळाचं तर आणखी वेगळं. आमच्याकडे तान्ह्या बाळाला नवा कपडा घालतच नसत. पहिली झबली जुन्या धोतराची, दुपटी जुन्या लुगड्याची. बाळंतिणीच्या खोलीत तो मऊ, विरलेल्या सुताचा ढीग असायचा. शंभरदा धुतलेला, उन्हात पिवळट झालेला. पाहुण्यांनी आणलेलं नवं झबलं बारशाला तेवढ्यापुरतं घालायचं आणि काढून ठेवायचं. मला वाटायचं, ही गरिबीची रीत. पण गावातल्या चार पैसे असलेल्या घरांतही तेच होतं. बाळाची कातडी पातळ, त्याला नवं सोसत नाही, हे बायकांना ठाऊक होतं.

याच गोष्टीला परदेशात कायद्याचं रूप मिळालं. जपानने १९७३ मध्ये घरगुती वापराच्या वस्तूंतल्या घातक द्रव्यांसाठी कायदा केला. त्याखाली दोन वर्षांच्या आतल्या मुलांच्या कपड्यांत फॉर्मल्डिहाइड जवळजवळ सापडताच कामा नये आणि मोठ्यांच्या अंगालगतच्या कपड्यांत ते दर दहा लाख भागांत ७५ भागांच्या वर जाता कामा नये, असं ठरलं. फॉर्मल्डिहाइड कपड्यात येतं कुठून? सुती कापडाला चुण्या पडू नयेत म्हणून त्याच्यावर राळेसारखं द्रव्य बसवतात. मँचेस्टरच्या एका कापड कंपनीने १९२६ च्या सुमारास ही युक्ती शोधली. 'इस्त्रीची गरज नाही' म्हणून जो शर्ट आपण कौतुकाने घेतो, त्याचं रहस्य बहुधा हेच. छापील कपड्यावरची नक्षी धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्यातूनही ते निघतं. डोळे चुरचुरतात, मानेला आणि काखेत खाज सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलं. ते मुख्यतः श्वासातून, कारखान्यात काम करणाऱ्यांच्या बाबतीत. एक शर्ट घातला म्हणून कुणाला कर्करोग होत नाही आणि तशी भीती मी कुणाला घालणार नाही. पण पहिल्या धुण्यात या द्रव्याचा सुटा भाग पुष्कळसा निघून जातो, हे प्रयोगशाळांनीही पाहिलंय. म्हणजे आज्जीची बादली आणि बाळाचं जुनं लुगडं, दोन्ही बरोबर होती.

मग तेव्हाचं सगळं निर्मळ होतं का? तसं म्हणणं खोटं ठरेल. आज्जीच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असायच्या. त्यांचा वास मला अजून आवडतो, पण त्या नॅफ्थॅलीनच्या. ज्या बाळांच्या रक्तात एका विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांना गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळलं तर तांबड्या पेशी फुटून कावीळ होते. युरोपने २००८ मध्ये या गोळ्या बाजारातून काढल्या. आपल्याकडे त्या अजून कपाटातच नव्हे, बेसिनमध्येही पडलेल्या दिसतात.

आणि रंग. आज्जीची काळी चंद्रकळा, आत्याचं इरकली लुगडं, आजोबांचा गुलाबी पटका, हे सगळे रंग झाडापाल्यातून आले असतील असं आता कुणी म्हणालं तर ऐकायला गोड वाटतं. पण विल्यम पर्किनने १८५६ मध्ये डांबरापासून जांभळा रंग काढला आणि १८९७ मध्ये एका जर्मन कंपनीने कृत्रिम निळीचा कारखानाच चालू केला. त्यानंतर आपल्या रंगाऱ्यांच्या पिंपांत जर्मन पुड्या कधी आल्या ते गिऱ्हाइकाला कळलंही नाही. त्या रंगांची किंमत आधी मजुरांनी मोजली. फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये दाखवून दिलं की, किरमिजी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होताहेत. कपडा घालणारे तोवर निर्धास्त होते.

पुढे कळलं ते असं: अॅझो नावाच्या रंगांच्या मोठ्या घराण्यातले काही रंग घामाने, त्वचेवरच्या जिवाणूंनी फुटतात आणि त्यातून तीच घातक अमाइनं सुटतात, जी रंग कारखान्यातल्या कामगारांना भोवली. जर्मनीने १९९४ मध्ये असे रंग बंद केले. भारतात बेंझिडीनपासून बनणाऱ्या ४२ रंगांवर १९९३ मध्येच बंदी आली होती. आपल्या निर्यातदारांचा माल परत यायला लागला, तशी दिल्लीला पुन्हा जाग आली आणि १९९७ मध्ये आणखी ७० रंगांवर, म्हणजे एकूण ११२ रंगांवर बंदी आली. ही बंदी आजही लागू आहे आणि चांगली आहे. पण निर्यातीचा माल बंदरावर परदेशी व्यापाऱ्यासाठी तपासला जातो. एसटी स्टँडसमोर हातगाडीवर 'कोणताही घ्या' म्हणून ढिगात पडलेला कुर्ता कोण तपासतं? कॉलरच्या चिठ्ठीवर माप असतं, फार तर 'पॉलिएस्टर' असतं. रंगाबद्दल, रसायनाबद्दल एक अक्षर नसतं.

कपड्याची जातच बदलली हेही यात आलं. सुती कपड्यावर बसणारे बरेच रंग धाग्याशी जोडले जातात. पॉलिएस्टरवर चालणारे रंग धाग्यात नुसते मुरलेले असतात. घट्ट, गडद निळी किंवा काळी लेगिंग असेल, एप्रिलमधला घाम असेल, तर ते सुटून कातडीवर येतात. मांड्यांच्या आत, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली चट्टे उठतात. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २००० साली अशाच निळ्या रंगांना 'वर्षाची अॅलर्जी' म्हणून पुढे आणलं होतं. आमच्याकडे मुली त्याला घामोळं समजून पावडर लावतात. कितीतरी दिवस ते घामोळंच समजलं जातं आणि कपडा बदलायचं कुणाच्या मनात येत नाही.

आता पावसाचं सांगते, कारण गारगोटीची आठवण पावसाशिवाय पुरी होत नाही. वेदगंगा दुथडी भरायची, पाटगावकडून येणारी एसटी दोन-दोन दिवस दिसायची नाही आणि रानातली कामं मात्र थांबायची नाहीत. भाताच्या लावणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवर इरली असायची, बांबूच्या कामट्या आणि पानं यांची. पुरुषांच्या डोक्यावर घोंगडीची खोळ. ही घोंगडी धनगरांच्या मेंढ्यांच्या काळ्या लोकरीची, सनगराच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ पाजून कडक केलेली. रंग मेंढीचाच. लोकरीतल्या तेलकट अंशाने पाणी वरच्या वर ओघळायचं, उरलेलं ती शोषून घ्यायची आणि तरी आत ऊब असायची. ओली घोंगडी जड व्हायची, तिला मेंढराचा वास यायचा, ती टोचायची. आम्हा मुलांना ती नको वाटायची. पहिल्यांदा प्लॅस्टिकचा रेनकोट मिळाला तेव्हा तो पांघरून मी कौलांच्या पागोळ्यांखाली उभी राहिले होते, केवढा आनंद झाला होता.

आज जूनमध्ये बाजारपेठेत रेनकोट टांगलेले असतात आणि दुकानाच्या दाराशीच त्यांचा वास डोक्यात जातो. स्वस्त रेनकोट पीव्हीसीचा. पीव्हीसी मुळात कडक. त्याला लवचीक करायला थॅलेट जातीची तेलं घालतात. ही तेलं प्लॅस्टिकशी बांधलेली नसतात, हळूहळू बाहेर येत राहतात. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात त्यांतली काही ढवळाढवळ करतात, म्हणून युरोपने २००५ मध्ये लहान मुलांच्या खेळण्यांसाठी त्यांच्यावर निर्बंध घातले. आपली मुलं तोच पदार्थ गळ्याशी बांधून शाळेत जातात, टोपीची दोरी चघळत.

महागाचं जाकीट घेतलं तर वेगळा प्रश्न. पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळावा म्हणून कापडावर फ्लोरिनच्या रसायनांचा थर देतात. या घराण्याला पीएफएएस म्हणतात. कार्बन आणि फ्लोरिन यांची गाठ इतकी घट्ट की ऊन, पाऊस, माती, कशानेच ती सहजी सुटत नाही. ही रसायनं पाण्यात जातात, रक्तात जातात आणि राहतात. त्यांतल्या पीएफओए या रसायनाला २०२३ मध्ये कर्करोगकारक ठरवलं गेलं. डाग न धरणारे म्हणून विकल्या गेलेल्या अमेरिका-कॅनडातल्या शाळेच्या गणवेशांतही ही रसायनं सापडल्याचं २०२२ मध्ये संशोधकांनी दाखवलं. फ्रान्सने २०२५ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२६ पासून अशा कपड्यांच्या विक्रीला मनाई केली.

यातला एक धागा थेट आपल्या दारापर्यंत येतो. इटलीत त्रिस्सिनो नावाच्या गावी मार्झोत्तो या लोकरीच्या गिरण्या चालवणाऱ्या घराण्याने १९६० च्या दशकात एक संशोधन केंद्र काढलं. कापड पाणी धरू नये यासाठीची फ्लोरिनची रसायनं तिथे बनू लागली. पुढे मालक बदलले, कारखाना मितेनी या नावाने चालला. २०१३ मध्ये उघड झालं की, त्याच्या खालच्या भूजलात ही रसायनं उतरलीत आणि साडेतीन लाखांच्या आसपास माणसं त्या पाण्याच्या टापूत राहतात. तिथल्या आयांनी मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात घेऊन मोर्चे काढले. २०१८ मध्ये कारखान्याचं दिवाळं निघालं. जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने त्याच्या ११ माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या. आणि त्या कारखान्याची यंत्रं? ती २०१९ मध्ये मुंबईच्या एका कंपनीने लिलावात घेतली आणि जहाजाने आणून रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत बसवली. आमच्या सह्याद्रीच्या उतारालाच ते गाव आहे. त्या वसाहतीच्या सांडपाण्याने मासे मरतात, ही दाभोळ खाडीतल्या भोई आणि दालदी मच्छीमारांची तक्रार वर्षानुवर्षांची. इटलीतल्या आयांनी जे पाणी नाकारलं, त्याची चौकशी आपल्याकडे आधी व्हायला हवी होती. माणसं आजारी पडण्याची वाट बघायची नसते.

पायातल्या चपलेचंही थोडं सांगायला हवं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमवायचे. हिरडा आमच्या भुदरगड-राधानगरीच्या रानातलाच. आठवडे लागायचे. आता क्रोमियमने ते काम झटपट होतं, पण कमावताना किंवा नंतर त्यातल्या काही क्रोमियमचं रूप पालटलं की पायाला इसब येतो. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, पण रस्त्याकडेला 'कोल्हापुरी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी चपलांना हिरड्याचा वासही नसतो.

आज्जीच्या बादलीतलं गढूळ पाणी परसातल्या अळवाला जायचं. आता कपड्यातलं जे काही धुऊन निघतं, त्याचा मोठा भाग आपल्या बादलीत यायच्या आधीच, रंगाईच्या कारखान्यात, निघालेला असतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईत तळोजाजवळ रस्त्यावरची कुत्री निळी झाली होती. कासाडी नदीत गेलेल्या रंगाने. ते फोटो जगभर फिरले. इतकं नजरेत भरणारं काही घडलं नाही तर बातमी होत नाही. पंचगंगेचं तसंच. इचलकरंजीच्या प्रोसेस कारखान्यांचं आणि शहराचं सांडपाणी पोटात घेऊन ती शिरोळ तालुक्यात उतरते. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच कितीदा पडला, आंदोलकांनी ते मासे उचलून अधिकाऱ्यांपुढे नेले. सांडपाणी शुद्ध करणारी सामाईक केंद्रं उभी राहिली, तरी काळं पाणी पुन्हा येतंच. आम्ही गारगोटीकर वेदगंगेचं पाणी पितो. आमच्या कापडाचा रंग मात्र शिरोळच्या माणसांच्या पाण्यात जातो. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि तिथे दत्ताच्या पायाशी लाखो माणसं त्याच पाण्यात डोकं बुडवतात.

कापडाचा शेवट कसा व्हायचा, हेही बदललं. लुगडं विरलं की त्याची दुपटी व्हायची, दुपट्यांतून उरलेलं वाकळेत जायचं. उन्हाळ्यात अंगणात चार बायका वाकळेला टाके घालत बसायच्या. तुकडा दिसला की कुणाच्या लग्नातलं लुगडं ते आठवायचं. वाकळही झिजली की तिचं पोतेरं. तोवर त्या कापडातलं जे निघायचं ते केव्हाच निघून गेलेलं असायचं. आता कपडा दहा-पंधरा धुण्यांत चोळामोळा होतो. त्यातली रसायनं पुरती धुतली जायच्या आतच तो टाकला जातो. त्याची वाकळ होत नाही. पॉलिएस्टर घाम शोषत नाही आणि त्या निसरड्या कापडावर टाका बसत नाही, असं शिवणाऱ्या बायका सांगतात. मग तो परसातल्या बंबात जातो. आंघोळीचं पाणी तापवायला जुने कपडे, फाटके रेनकोट, चपला जाळण्याची रीत आमच्या भागात सर्रास पडलीय. पॉलिएस्टर वितळत, काळा धूर सोडत जळतं. पीव्हीसी जळताना क्लोरिनचा जाळणारा वायू आणि डायॉक्सिनसारखी विषं निघतात. पहाटे बंबापाशी बसतात त्या घरातल्या म्हाताऱ्या बायका आणि त्यांच्या कुशीला ऊब घ्यायला आलेली नातवंडं. हे आजपासून थांबवता येईल. त्यासाठी कायदा लागत नाही, पैसा लागत नाही.

धुतल्याशिवाय घालायचं नाही, बाळाला जुनं सुती घालायचं, हे घराघरात होऊ शकतं. पण गारगोटीसारख्या गावात एक जागा अशी आहे, जिथे कापडवाल्याला प्रश्न विचारायची ताकद अजून आपल्या हातात आहे: शाळा. डॉ. जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठाच्या रूपाने या गावाला शिक्षणाचं मोठं घर दिलं. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतली मुलं आजही गारगोटीत शिकायला येतात. उन्हाळ्यात गणवेशाच्या कापडाची घाऊक खरेदी होते. शेकडो मुलं ते कापड आठवड्याचे सहा दिवस, घामात आणि पावसात अंगावर वागवतात. तेव्हा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी चार गोष्टी मागाव्यात: कापडात सुताचं प्रमाण जास्त हवं, 'डाग धरत नाही' असलं लेपन नको, बंदी असलेले अॅझो रंग नाहीत असा तपासणीचा कागद हवा आणि फॉर्मल्डिहाइड किती आहे तो आकडा हवा. कापड इचलकरंजीचं असेल तर व्यापाऱ्याला हा कागद आणायला फार लांब जावं लागणार नाही; परदेशी गिऱ्हाइकासाठी तो हेच कागद जोडत आलाय. गेल्या वर्षी एका बैठकीत मी हे बोलले, तेव्हा मागच्या बाकावरची एक आई उठून म्हणाली, "कागद आल्याशिवाय आमी पैसं भरनार न्हाई, असं लिहून घ्या." सचिवांनी इतिवृत्तात ते लिहून घेतलं.